पान संपेपर्यंत

बाबांची मान खाली होती, आणि ती वर येऊ द्यायची नव्हती. जातं मधल्या खुंटीभोवती फिरावं तसं सगळं घर त्या दिवसांत या एका गोष्टीभोवती फिरत होतं.

डोळ्यामागचा पडदा सुटला होता. डॉक्टरीणबाईंनी तो जागेवर बसवला, डोळ्यात हवेचा एक बुडबुडा भरला आणि आईला, धाकटीला समोर बसवून नीट समजावलं. बुडबुडा नेहमी वर चढतो. मान खाली असली की तो मागच्या पडद्याला टेकू देऊन राहतो. मान वर गेली की टेकू सरकला. पडदा पुन्हा सुटला तर पुढचं त्यांच्या हातात नव्हतं. दुसरा डोळा आधीच अधू. म्हणजे बाबांच्या वाट्याला जो काही उजेड उरला होता, तो एका बुडबुड्यावर तोलून धरलेला.

म्हणून खाटेला टेबल लावलं होतं. टेबलावर टॉवेलची गोल चुंबळ, तिच्यावर बाबांचं कपाळ. जेवायचं तेही खाली बघून, चालायचं तेही खाली बघून. अधू डोळ्याला दिसायची ती फरशी आणि घरच्यांचे पाय. दोन दिवसांत बाबा माणसं पायांवरून ओळखायला लागले. आईचे पाय थकलेत, हे ते आईच्या आधी सांगायचे. धाकटी अस्वस्थ झाली की तिचा अंगठा फरशी खरवडायला लागतो, हेही त्यांना तिथूनच कळलं होतं.

आणि धाकटीचा अंगठा आता सारखाच फरशी खरवडत होता.

कारण भोंगाकाका गेले होते, आणि बाबांना ते कोणी सांगितलं नव्हतं.

बाबांनी जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासली. हे काम जोडीचं. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं प्रुफावर लाल पेन्सिल घेऊन ओळीमागून ओळ जायचं. वाचणारा नुसते शब्द वाचत नाही. स्वल्पविराम आला की ‘स्वल्पविराम’ म्हणतो, अवतरण सुरू झालं की तसं सांगतो. बाबांचा वाचणारा म्हणजे भोंगाकाका. आवाज असा की तळमजल्यावर यंत्रं धडधडत असली तरी वरचा स्वल्पविराम खाली ऐकू जायचा, म्हणून भोंगा. आणि बाबा कधीच मान वर करत नाहीत म्हणून भोंगाकाकांनी त्यांचं नाव ठेवलं होतं खालमुंड्या. “खालमुंडी पाताळधुंडी,” ते म्हणायचे, “हा माणूस खाली बघून चुका शोधत नाही, धन शोधतो.”

मान वर न करण्याला एक कारण होतं. त्या छापखान्यात वाचणारा ‘पान घ्या’ म्हणाला की तपासणाऱ्याची मान खाली जायची, आणि ‘पान संपलं’ ऐकू येईपर्यंत ती वर यायची नाही. नजर हलली की ओळ हुकते, ओळ हुकली की चूक छापली जाते. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण तो मोडलेला कोणी पाहिला नव्हता. एकदा बांधणीच्या खोलीत चिंध्यांनी पेट घेतला. धूर वर आला, माणसं जिन्यावरून धावली, आणि भोंगाकाकांच्या हातात अर्धं पान उरलेलं. त्यांनी ते खोकत खोकत वाचून संपवलं. ‘पान संपलं’ म्हणाले तेव्हा बाबांनी मान वर केली आणि विचारलं, “कसला रे वास येतोय?” ही गोष्ट छापखान्यात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवली जायची.

असे हे भोंगाकाका. बाबांचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी, आरशासमोर उभे असताना, खाली बसले ते बसलेच.

आईनं निर्णय एका वाक्यात घेतला होता. डोळा आधी, दुःख नंतर. दुःख कुठे पळून जातंय? हे कळलं तर हे उठणार, चालत सुटणार, मान वर करून रडणार, आणि मग आपण काय करायचं? तिचं चुकीचं होतं असं धाकटीला म्हणता येईना. दोघी आळीपाळीनं शेवटचं दर्शन घेऊन आल्या. धाकटी छापखान्यातच संगणकावर पानं लावायचं काम करायची. तिनं कामाचं निमित्त सांगितलं. आईनं औषधाचं. बाबांना फक्त एवढंच दिसलं की औषधाला जाताना आईनं चांगली चप्पल घातली होती. त्यांनी तसं विचारलंही. आई म्हणाली, रोजच्या चपलेचा अंगठा तुटलाय.

मग भोंगा का येत नाही, याला उत्तर हवं होतं. आईनं घाईत जे तोंडाला आलं ते सांगितलं: त्यांचा घसा बसलाय, बोलायला बंदी आहे.

“भोंग्याचा घसा?” बाबा चुंबळीत हसले होते. “मग शहरात शांतता असेल.”

पण त्या हसण्याला दुसऱ्या दिवशी काळजी फुटली, तिसऱ्या दिवशी शंका. कोणत्या डॉक्टरकडे गेला? वाफारा तरी घेतोय का? न बोलता बसायला तर येऊ शकतो ना? दारात चप्पल वाजली की बाबांचे खांदे ताठ व्हायचे आणि कपाळ चुंबळीवरून बोटभर उचललं जायचं. दर वेळी आई धावायची.

आई स्वयंपाकघरात भांडी विसळताना स्वतःशीच काहीतरी पुटपुटत असे. धाकटीनं एकदा कान देऊन ऐकलं.

*सांगू सांगू म्हणता बाई, दिस गेला दाराआड,*
*ओठाशी आलेली गोष्ट पुन्हा झाली पाठीआड.*

त्यात पुन्हा त्या कोशाची प्रुफं. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी छापखाना एक कोश काढत होता, आणि शेवटचे गठ्ठे बाबांच्या वाट्याचे होते. पाहता येत नसलं तरी ऐकता येतं ना, असं म्हणून बाबांनीच ते घरी मागवले. धाकटीनं प्रूफ वाचायचं, बाबांनी ऐकून चूक धरायची. त्यांना त्यानं विरंगुळा मिळत होता. धाकटी मात्र स्टुलावर बसायची, उठायची, पंखा वाढवायची, कमी करायची, नळ नीट बंद आहे का बघून यायची आणि पुन्हा बसायची.

त्या दुपारी गठ्ठ्यात ‘टेल’ आलं.

“अरे वा,” बाबा म्हणाले. “हा भोंग्याचा लाडका.”

मग त्यांनी तिला ऐकवलं की या बोलण्याच्या क्रियापदांवरून भोंग्या आणि संपादकबाई यांची कशी जुंपली होती. बाईंनी ‘टेल’पुढे पहिला अर्थ लिहिला होता ‘कथन करणे’. भोंग्यानं विचारलं, बाई, बायको नवऱ्याला कधी कथन करते का? ती सुनावते. बाई चिडल्या, म्हणाल्या, मग तुम्हीच फरक सांगा. भोंग्या उभा राहिला आणि त्यानं सांगितला. ‘से’ म्हणजे तोंडातून बाहेर काढणं. ‘टॉक’ म्हणजे काढत राहणं, चहा संपेपर्यंत. ‘स्पीक’ म्हणजे तेच, पण माईक लावून. आणि ‘टेल’ म्हणजे दुसऱ्याच्या ओंजळीत ठेवणं. बोलायला भिंत चालते, सांगायला माणूस लागतो. बाईंनी ‘कथन’ खोडलं.

“वाच,” बाबा म्हणाले.

धाकटीनं वाचायला घेतलं. पहिला अर्थ, सांगणे, कोणाला तरी माहिती देणे. दुसरा अर्थ, आज्ञा करणे. उदाहरण, आईनं त्याला घरी थांबायला सांगितलं. तिसरा अर्थ, एखाद्याला बातमी कळवणे. उदाहरण, तिनं मला सगळं खरं सांगितलं. चौथा अर्थ, ओळखणे, न सांगता कळणे—

“थांब. तिसऱ्याला एकच उदाहरण?”

“हो.”

“संपादकबाई एका उदाहरणावर थांबणाऱ्या नव्हेत. एक ओळ गाळलीस.”

तिनं गाळली होती. तिसऱ्या अर्थाखाली दुसरं उदाहरण होतं: ही बातमी त्याला कोणी सांगायची? साधंच वाक्य, कुठल्याही घरातलं. तिच्या जिभेवरून ते पुढे सरकेना, म्हणून तिनं उडी मारली होती. आता तिनं ते वाचलं. आवाज सरळ ठेवायचा प्रयत्न केला, तर तो जास्तच सरळ झाला.

बाबा म्हणाले, “धाकटे, तुझा अंगठा फरशीतून विहीर खणतोय. भोंग्याला फोन लाव.”

तिनं घशाचं कारण सांगितलं. बोलायला बंदी आहे, ऐकायला नाही ना, असं बाबांचं म्हणणं. फोन त्याच्या कानाला लावायला सांग, मी बोलतो, त्यानं नुसतं ऐकावं. जन्मभर मी त्याचं ऐकलंय, एकदा त्यानं माझं ऐकावं. ते चुंबळीवरून कपाळ उचलायला लागले तशी धाकटीनं घाईनं फोन लावला. पलीकडे काकू होत्या. धाकटी एवढंच म्हणाली, काकू, बाबांना काकांशी बोलायचंय, नुसतं ऐका. आणि पलीकडून काही यायच्या आत तिनं फोन बाबांच्या कानाशी धरला.

बाबा खाली बघत, फरशीला सांगत असल्यासारखे बोलले. म्हणाले, भोंग्या, तू नाव ठेवलंस आणि डॉक्टरीणबाईनं ते खरं केलं बघ. म्हणाले, तुझा ‘टेल’ आलाय आणि पोरगी ओळी गाळतेय, तू असतास तर रेकून छप्पर उडवलं असतंस. म्हणाले, वाफारा घे, मीठ-पाण्यानं गुळण्या कर, आणि घसा सुटला की पहिलं माझ्याकडे ये, दुसऱ्या कोणापाशी तोंड उघडलंस तर याद राख.

मग ते थांबले. वाट पाहिली. फोनमधून नुसता श्वास ऐकू आला. बाबांनी कान जरा तिरका केला.

“ठेव,” ते म्हणाले.

धाकटी फोन घेऊन गॅलरीत गेली. काकू अजून होत्या. “पुन्हा असं करू नकोस ग,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “तुझे बाबा ह्यांच्याशी बोलत होते, आणि मी ह्यांच्या नावानं ऐकत होते. मला नाही जमायचं. सांग त्यांना. तुला जमेल तसं सांग, पण सांग.”

ती आत आली तेव्हा टेबलावर चुंबळ होती आणि खाटेवर बाबा नव्हते.

ते दाराशी उभे होते, एका हातानं भिंत धरून, पायानं चप्पल चाचपत. मान अजून खाली होती, पण कशीबशी. घोड्यानं लगाम ताणावा तशी मानेची शीर ताठली होती. आई त्यांच्या पुढे दोन्ही हात पसरून उभी. अहो, मान. अहो, मान खाली. तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

“तो श्वास भोंग्याचा नव्हता,” बाबा म्हणाले. “मी चाळीस वर्षं त्याचा श्वास ऐकलाय. वाक्य सुरू करायच्या आधी तो नाकानं हवा ओढतो. मला त्याच्याकडे जायचंय. सरक.”

“उद्या जाऊ,” म्हणत धाकटीही आईशेजारी उभी राहिली.

“तू तरी बाजूला हो, धाकटे. नाहीतर माझ्या तोंडाकडे बघून सांग काय लपवताय ते.”

आणि तिच्याकडे बघण्यासाठी बाबांची हनुवटी हलली. डोळ्यावरच्या पट्टीची कड उजेडात आली.

धाकटीला त्या क्षणी दिसलं की ज्याच्यासाठी इतके दिवस तोंड शिवून ठेवलं, तेच आता या न सांगण्यापायी जायच्या बेतात होतं. आईला ‘कळलं तर उठतील’ ही भीती. आणि बाबा तर कळलं नव्हतं म्हणूनच उठले होते. आता सांगायचं तर कसं? समोर उभं राहून सांगितलं तर मान वर येणार. हाताला धरून सांगितलं तर हात झटकणार.

तिनं नाकानं हवा ओढली. आणि पोटातून, तिला स्वतःला ठाऊक नसलेल्या मोठ्या आवाजात म्हणाली,

“पान घ्या.”

बाबांची मान खाली गेली. त्यांनी घातली नाही, ती गेली. पाणी उताराला जातं तशी. आईच्या पसरलेल्या हातात त्यांचा दंड आला, तिनं त्यांना दोन पावलं मागं नेऊन खाटेवर बसवलं, कपाळाखाली चुंबळ सरकवली. बाबांचा उजवा हात टेबलावर पेन्सिल शोधत होता. आईनं ती हातात दिली.

धाकटीच्या हातात कागद नव्हता. ती स्टुलावर बसली आणि वाचायला लागली.

“भोंगाकाका स्वल्पविराम तुमच्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्वल्पविराम आरशासमोर भांग पाडत होते पूर्णविराम. काकूंनी विचारलं स्वल्पविराम अवतरण सुरू इतक्या सकाळी कुठे प्रश्नचिन्ह अवतरण पूर्ण. ते म्हणाले स्वल्पविराम अवतरण सुरू खालमुंड्याला बघून येतो स्वल्पविराम आता तो पळूनही जाऊ शकत नाही अवतरण पूर्ण पूर्णविराम. अर्धा भांग झाला होता पूर्णविराम. ते खाली बसले पूर्णविराम. काकू पाणी घेऊन आल्या तोवर—”



बाबांची पेन्सिल टेबलावर टेकलेली होती. “तोवर?” ते म्हणाले.

“तोवर गेले होते. पूर्णविराम.”

पेन्सिल हलली नाही. नंतर तिचं टोक मोडल्याचा बारीक आवाज आला. बाबांचे खांदे एकदा वर आले, आणि आईनं दोन्ही तळवे त्यांच्या पाठीवर ठेवले, दाबून नव्हे, झोपलेल्या मुलावर ठेवतात तसे. मान चुंबळीत होती. नियम त्यांच्या हाडात होता आणि दुःख हाडाला धक्के देत होतं. कोण जिंकेल ते कुणालाच सांगता आलं नसतं. धाकटीला एवढंच कळत होतं की आवाज थांबला की पान संपलं, आणि पान संपलं की मान वर.

“पुढे,” बाबा म्हणाले. तो आवाज टॉवेलमधून आला.

तिनं पुढे वाचलं. छापखान्यातली यंत्रं बंद ठेवली होती, ते वाचलं. बांधणीची माणसं हातावरची खळ न धुताच आली होती, ते वाचलं. संपादकबाई कोपऱ्यात उभ्या राहून रडत होत्या आणि म्हणत होत्या की आता माझ्याशी भांडणार कोण प्रश्नचिन्ह, तेही वाचलं. काकूंनी काकांना चष्मा घातला होता, कारण त्याशिवाय ते त्यांच्यासारखे दिसत नव्हते. आणि राहिलेला अर्धा भांग काकूंनी स्वतः पाडला.

“एक ओळ गाळलीस,” आई म्हणाली.

धाकटीनं वर पाहिलं. आईनं आयुष्यात कधी प्रूफ वाचलं नव्हतं. ती बाबांच्या पाठीवर हात ठेवून, खाली फरशीकडे बघत, एकेक शब्द वेगळा करून म्हणाली, “मी तुमची पेन्सिल नेली होती स्वल्पविराम त्यांच्या खिशात ठेवली पूर्णविराम.”

“कुठली?”

“आखूड. चावलेली.”

“बरी होती ती,” बाबा म्हणाले. आणि मग चुंबळीच्या मधल्या भोकातून, उघड्या डोळ्यातलं पाणी टेबलाच्या फळीवर पडलं. एक थेंब, मग दुसरा. मान खाली असली की अश्रू गालावरून ओघळत नाहीत, सरळ पडतात. आईनं पदराचं टोक खाली धरलं, पुसायला नव्हे, नुसतं झेलायला.

बाबा म्हणाले, “तुम्ही दोघी चांगल्या चपला घालून गेलात. मला न सांगता.”

“हो,” आई म्हणाली.

“मला दिसलं होतं. मीच स्वतःला सांगितलं नाही.” मग पुन्हा, “पुढे वाच, धाकटे.”

पुढे काही नव्हतं. घडलेलं सगळं वाचून झालं होतं. उजेड फरशीवरून सरकत खाटेच्या पायाशी आला होता. धाकटीनं आईकडे पाहिलं, आईनं मान हलवली: नाही, थांबू नकोस. मग धाकटीनं मागची पानं काढली. भोंगाकाका पहिल्यांदा घरी आले तेव्हा त्यांच्या आवाजानं पाळण्यातली ती जागी झाली होती, हे तिनं ऐकलेलं होतं, तेच वाचलं. त्यांनी एकदा तिच्या शाळेत पालक म्हणून हजेरी लावली आणि बाईंनी त्यांना वर्गाबाहेर उभं केलं, ते वाचलं. बाबांच्या खांद्यातून एक हुंदका निघाला आणि वाटेत त्याचं हसू झालं. धाकटीचा अंगठा थांबला होता. तो थांबलाय हे तिच्या लक्षातही आलं नाही. मग बांधणीच्या खोलीत चिंध्या पेटल्या, धूर जिन्यानं वर आला, माणसं धावली, आणि भोंगाकाकांच्या हातात अर्धं पान होतं—

इथे तिचा घसा बसला. शब्द निघेना, नुसती हवा निघाली.

आईनं पाण्याचा पेला तिच्या हातात दिला, तिला स्टुलावरून उठवलं आणि स्वतः बसली. “कुठपर्यंत आली होतीस?”

“धुरापर्यंत,” धाकटी कुजबुजली.

“पूर्णविराम?”

“नाही. स्वल्पविराम.”

आईनं नाकानं हवा ओढली.

“हं,” बाबा खालून म्हणाले. “पुढे.”